स्वयंपाकघरातील कपाटे नवी करावीत की केवळ शटर्स बदलावीत?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधील सदनिकेत सुमारे 14 वर्षांपूर्वी केलेले एल आकाराचे स्वयंपाकघर आहे. शटर्सवरचा सनमायका कडांना सुटू लागला आहे, तीन बिजागऱ्या सैल झाल्या आहेत आणि सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगला आहे. एक कंत्राटदार ओट्यासकट सगळे काढून नवे करायला सांगतो, तर दुसरा म्हणतो की सांगाडा तसाच ठेवून नवी शटर्स बसवू. घरात सासूबाईंना वाकून खालच्या कप्प्यातील डबे काढता येत नाहीत, आणि काम गणपतीपूर्वी संपावे अशी इच्छा आहे. कोणाचे ऐकावे?

शटर्सची अवस्था पाहून हा निर्णय घेऊ नये. ओले हात, फोडणीची वाफ, साबणाचे फडके आणि दिवसभराची उघडझाप हे सगळे शटरला सोसावे लागते, त्यामुळे ते सर्वांत आधी खराब होणे स्वाभाविक आहे. पाहायचा तो सांगाडा, म्हणजे ज्या उभ्या-आडव्या फळ्यांना बिजागऱ्या आणि चॅनल (ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या) धरलेले असतात तो. हा सांगाडा कोरडा, काटकोनात आणि स्क्रू घट्ट धरणारा असेल, तर तो मोडून तसाच दुसरा उभा करण्यात काहीही शहाणपण नाही. उलट तो ओल खाऊन भुसभुशीत झाला असेल, तर त्यावर कितीही देखणी शटर्स लावली तरी ती थोड्याच काळात तिरकी होऊन एकमेकांवर घासू लागतात. शिवाय हा निर्णय संपूर्ण स्वयंपाकघरासाठी एकगठ्ठा घ्यावा लागत नाही, तो एकेका कपाटापुरता घेता येतो, आणि तुमच्या दोन्ही कंत्राटदारांनी नेमकी हीच गोष्ट तुम्हाला सांगितलेली नाही.

सांगाडा कशाचा आहे हे आधी ओळखावे. पुण्यातील बऱ्याच जुन्या इमारतींमध्ये ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या आणि आडव्या फरश्या असतात. पुढे कधीतरी त्या गाळ्यांत स्टीलच्या ट्रॉल्या सरकवून समोर लाकडी चौकट आणि शटर्स बसवलेली असतात. अशा घरी सांगाडा दगडाचाच असल्यामुळे प्रश्न जवळजवळ सुटलेला असतो. कडप्पा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आणि तो फोडून त्या जागी प्लायचे बॉक्स बसवणे म्हणजे टिकाऊ वस्तू काढून कमी टिकाऊ वस्तू विकत घेणे होय. गाळ्यांची मापे फारच गैरसोयीची असतील तरच ते करावे. एरवी चौकट, शटर्स आणि ट्रॉल्या बदलल्या की काम झाले.

कडप्पा नसेल, तर सांगाडा सुताराने जागेवर केलेल्या प्लायचा किंवा कारखान्यातून आलेल्या बोर्डाचा असतो. वरून दोन्हींवर सनमायकाच दिसतो, म्हणून उघडी कड शोधावी. सर्वांत सोपी जागा म्हणजे सिंकखाली पाइपसाठी पाडलेले भोक. तिथे टॉर्च धरून पाहिल्यास एकावर एक आडवे थर दिसले तर तो प्लाय, लाकडाचे लहान-मोठे तुकडे चिकटवल्यासारखे दिसले तर पार्टिकल बोर्ड, आणि एकसारखा, गुळगुळीत, तपकिरी लगदा दिसला तर एमडीएफ किंवा त्याच जातीचा अधिक घनतेचा बोर्ड. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पाणी लागल्यावर या वस्तू वेगवेगळ्या वागतात. चांगला प्लाय ओला होऊन वाळला तरी बऱ्याच अंशी पूर्ववत होतो, आणि त्याचे थर सुटलेले नसतील तर तो पुढेही काम देतो. पार्टिकल बोर्ड मात्र एकदा फुगला की वाळल्यावरही पुन्हा बसत नाही, आणि फुगलेल्या जागी तो स्क्रू धरत नाही. त्याला कोणतीही दुरुस्ती लागू पडत नाही, ती फळी बदलावीच लागते.

आता प्रत्यक्ष तपासणी. एखाद्या रविवारी सकाळी खालची सगळी कपाटे रिकामी करा; हे काम कंत्राटदारावर सोडू नका. एक जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन प्रत्येक बॉक्सच्या तळाच्या फळीवर, विशेषतः मागच्या भिंतीला लागून असलेल्या कोपऱ्यांत आणि पुढच्या कडेला, अंगठ्याने जेवढा जोर देता येईल तेवढ्या जोराने दाबून पाहा. टोक आत गेले किंवा फळी दबली तर ती फळी संपली असे समजावे. त्यानंतर सैल झालेल्या बिजागरीचा सांगाड्याकडील एक स्क्रू पूर्ण काढा आणि त्याच्या आट्यांकडे पाहा. आट्यांत लाकडाचे स्वच्छ, कोरडे तंतू अडकलेले असतील तर फळी शाबूत आहे, केवळ वर्षानुवर्षांच्या ओढाताणीने भोक मोठे झाले आहे. त्यात फेव्हिकॉल लावून लाकडी खुंटी ठोकावी आणि वाळल्यावर पुन्हा स्क्रू बसवावा, किंवा बिजागरीची पट्टी इंचभर वर-खाली सरकवावी. याउलट आट्यांवर काळपट, ओलसर भुसा आला, किंवा स्क्रू गंजून लाल झालेला असला, तर आत ओल मुरलेली आहे. तीन बिजागऱ्या सैल होणे हे सांगाडा बदलण्याचे कारण आहे की नाही, हे या एका स्क्रूवरून बऱ्यापैकी कळते.

यानंतर बॉक्सचे दोन्ही कर्ण मोजा, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि त्याच्या उलट. दोन मापांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक बिजागरीच्या स्क्रूने जुळवून घेता येतो, पण त्याहून बराच जास्त फरक असेल तर बॉक्स कलंडलेला आहे आणि नवी शटर्स कधीही एका रेषेत दिसणार नाहीत. किडीचीही खात्री करून घ्यावी. मागच्या फळीवर किंवा भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी होय. मग शटर्सचा विचार बाजूला ठेवून आधी भिंतीपासून उपचार करावा लागतो, कारण वाळवी कपाटात जन्मत नाही, ती जमिनीतून आणि भिंतीतून तिथे पोहोचते. टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि खाली मैद्यासारखी पूड दिसली तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा असतो. पूड स्वच्छ पुसून त्या जागी काळा कागद अंथरावा आणि आठवडाभराने पाहावे. नवी पूड पडली असेल तर कीड अजून जिवंत आहे. तशा फळ्या ठेवून शेजारी नवा प्लाय बसवणे म्हणजे तिला नवे खाद्य आणून देणे होय.

वरच्या कपाटांसाठी आणखी एक गोष्ट पाहावी. कपाटाची वरची कड आणि भिंत यांच्यामध्ये फट पडली असेल, तर ते कपाट भिंतीवरून सुटू पाहत आहे. जुन्या कामांत ही कपाटे भिंतीत ठोकलेल्या लाकडी गुट्ट्यांवर टांगलेली असतात, आणि गुट्टी कोरडी पडून आकसली की पकड जाते. अशा कपाटाला नवे शटर लावणे धोक्याचे आहे, कारण नवे शटर बहुधा जुन्यापेक्षा जड असते. 18 मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचे वजन दर चौरस मीटरला साधारण साडेतेरा किलो भरते, आणि त्यात डब्यांचे वजन वेगळेच. शटर्सचा विषय काढण्याआधी ते कपाट उतरवून योग्य अँकर बोल्टने पुन्हा टांगावे. भिंत हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या एएसी ब्लॉकची असेल, तर त्यासाठीचे खास अँकर लागतात, साध्या प्लॅस्टिकच्या गुट्ट्या तिथे चालत नाहीत.

बॉक्स सुटे आहेत की जोडलेले, हेही मोजपट्टीने कळते. शेजारच्या दोन कपाटांमधील उभ्या भागाची जाडी समोरून मोजा. ती 36 मिलिमीटरच्या आसपास असेल तर तिथे 18-18 मिलिमीटरच्या दोन फळ्या पाठीला पाठ लावून उभ्या आहेत, म्हणजे बॉक्स स्वतंत्र आहेत आणि त्यांतील एक खराब बॉक्स इतरांना धक्का न लावता बाहेर काढता येतो. जाडी 18 ते 20 मिलिमीटरच असेल तर फळी सामाईक आहे. सुताराने सगळा सांगाडा अखंड केलेला आहे, आणि तिथे बॉक्स न काढता खराब फळी कापून तिच्या जागी नवी फळी घालावी लागते. तेही शक्य असते, पण त्यासाठी कसबी हाताचा सुतार लागतो.

ओट्याच्या बाबतीत बहुतेक घरे फसतात. ग्रॅनाइट कडप्प्यावर किंवा विटांच्या आधारावर टेकलेला असेल तर खालचे बॉक्स निर्धास्तपणे काढता येतात. पण तो थेट प्लायच्या बॉक्सवर टेकलेला असेल, तर बॉक्स ओढून काढताना ग्रॅनाइट सिंकच्या किंवा शेगडीच्या खाचेपाशी तडकण्याची मोठी भीती असते, कारण तिथे दगडाची पट्टी अगदी अरुंद उरलेली असते. एकदा ओटा काढला की मागच्या टाइल्सची खालची ओळ फुटते, सिंक आणि नळाची जोडणी सुटते, घरात पाइपगॅस असेल तर ती जोडणी गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच हलवून घ्यावी लागते, आणि सांगाडा बदलण्याचे काम पाहता पाहता संपूर्ण स्वयंपाकघराचे काम होऊन बसते. म्हणूनच नव्या कपाटांच्या खर्चाची तुलना केवळ शटर्सच्या खर्चाशी करू नये. त्यात ओटा, टाइल्स, प्लंबिंग, राडारोडा उचलण्याचा खर्च आणि तेवढे दिवस बाहेरून डबा आणण्याची व्यवस्था धरून मगच दोन आकडे शेजारी मांडावेत.

शटर्स बदलण्याचे ठरल्यास जुन्या सनमायकावरच नवा सनमायका चिकटवण्याचा स्वस्त पर्याय पुढे येईल. तो मी सहसा सुचवत नाही. तुमच्या शटर्सच्या कडा सुटल्या आहेत, म्हणजे खालचा गोंद आधीच हरला आहे. त्यावर चिकटवलेला नवा थर त्याच कमकुवत थराला धरून राहील. शिवाय थर फक्त बाहेरून चढवला तर दोन्ही बाजूंचा ताण असमान होऊन शटरला बाक येतो. नवे शटर करताना म्हणूनच बाहेर 1 मिलिमीटरचा सनमायका असला तरी आतून 0.8 मिलिमीटरचा लाइनर, म्हणजे आतल्या बाजूचा पातळ सनमायका, लावलाच पाहिजे. आतली बाजू उघडी ठेवणारा किंवा तिला नुसता रंग लावून सोडून देणारा सुतार काम बिघडवतो.

शटर कशाचे करावे याबाबत माझे मत स्पष्ट आहे. खालच्या कपाटांना, विशेषतः सिंक आणि शेगडीच्या आसपास, आयएस 710 मानकाचा मरीन प्लाय आणि त्यावर सनमायका यापेक्षा भरवशाचे काही नाही. या मानकातील चाचणीत प्लायचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवूनही त्याचे थर सुटता कामा नयेत. शीटवर आयएसआयचे चिन्ह आणि परवाना क्रमांक छापलेला असतो. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून माल घेताना तो स्वतः पाहावा, नुसत्या बिलावर विसंबू नये. उंच शटर्सच्या बाबतीत मात्र प्लायला बाक येण्याचा संभव असतो, तिथे अधिक घनतेचा ओलरोधक बोर्ड सरळ राहतो. मेम्ब्रेनची, म्हणजे बोर्डावर प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवलेली, शटर्स दिसायला सुरेख असली तरी शेगडी आणि ओव्हनजवळच्या उष्णतेने त्यांचा पापुद्रा सुटतो, म्हणून आपल्या पद्धतीच्या स्वयंपाकाला ती मला योग्य वाटत नाहीत. कडांना यंत्राने लावलेले एज बँडिंग (कड झाकणारी पट्टी) घ्यावे, कारण पाणी शटरमध्ये शिरते ते कडेतूनच.

बिजागऱ्या नव्याच घ्याव्यात, जुन्या काढून नव्या शटरला लावू नयेत. जुनी बिजागरी कोणत्या क्रँकची, म्हणजे तिच्या दांड्याला किती बाक आहे, हे मात्र आधी पाहून ठेवावे. शटर उभ्या फळीची पूर्ण जाडी झाकत असेल तर झिरो क्रँक, दोन शटर्स एकाच फळीवर अर्धी-अर्धी बसत असतील तर एट क्रँक, आणि शटर सांगाड्याच्या आत बसत असेल तर सिक्स्टीन. ही निवड चुकली की सगळी शटर्स पुन्हा छिद्रे पाडण्यासाठी परत जातात. साधारण 900 मिलिमीटर उंचीपर्यंत दोन, 1600 पर्यंत तीन आणि 2000 पर्यंत चार बिजागऱ्या असाव्यात. पैसे वाचवण्यासाठी इथे एखादी कमी करणे हे पुढच्या सैलपणाचे मूळ असते. स्टीलच्या ट्रॉल्या घेताना चुंबक लावून खात्री करण्याची पद्धत आहे, पण 202 आणि 304 या दोन्ही प्रकारच्या स्टीलला चुंबक जवळजवळ धरत नाही, त्यामुळे त्या चाचणीने दर्जा कळत नाही. गंजाला अधिक टिकणारे 304 हवे, म्हणून तसे बिलावर लिहून घ्यावे.

नवी शटर्स लावून स्वयंपाकघर सुंदर दिसेल, पण त्याची गैरसोय जशीच्या तशी राहील. शेगडी आणि सिंक यांच्यात भांडे ठेवायला जागा नसणे, फ्रिजचे दार भिंतीवर आपटणे, ओटाच फार बुटका असणे या अडचणी असतील, तर सांगाडा कितीही शाबूत असला तरी पूर्ण नवे काम करणे योग्य ठरते. तुमच्या सासूबाईंची अडचण मात्र या वर्गातली नाही. खालच्या कपाटातील मधला कप्पा काढून त्या जागी पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर बसवले, तर मागचा डबाही वाकून न शोधता वरून उचलता येतो. त्यासाठी बॉक्सच्या दोन्ही बाजू समांतर असाव्या लागतात, म्हणून आतली रुंदी पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी मोजावी. मापांत फरक आढळला तर चॅनलमागे पट्टी देऊन तो भरून काढता येतो.

खर्चाबद्दल एक उदाहरण देतो. खाली 16 फूट लांबीची कपाटे, शटरची उंची 720 मिलिमीटर, आणि वर 10 फूट लांबीची, 2 फूट उंचीची कपाटे धरली तर शटर्सचे दर्शनी क्षेत्र 60 चौरस फुटांच्या आतच येते. आठ बाय चारची एक शीट 32 चौरस फुटांची असते, म्हणजे वाया जाणारा माल धरून तीन शीट पुरतात. याचा अर्थ, या कामात प्लायपेक्षा सनमायका, प्रेसिंग (तो यंत्राने दाबून चिकटवणे), मजुरी, बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनल यांचाच खर्च मोठा असतो, आणि ते सगळे नव्या स्वयंपाकघरातही तेवढेच लागते. त्यामुळे केवळ शटर्स बदलल्याने खर्च निम्म्याहून खूप खाली येईल अशी अपेक्षा ठेवू नये. चौरस फुटाचा एकच दर देणाऱ्याकडून प्लाय, सनमायका, बिजागऱ्या, चॅनल, मजुरी आणि कर असे वेगवेगळे लिहून घ्यावे, म्हणजे दोन दरपत्रकांची तुलना करता येते. माझा स्वतःचा ठोकताळा असा की, शटर्स बदलण्याचा एकूण आकडा पूर्ण नव्या कामाच्या दोन तृतीयांशाच्या पुढे जाऊ लागला आणि सांगाड्यातील निम्म्याहून अधिक बॉक्स खराब निघाले, तर नवे काम करावे. सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा सुरू असेल, आणि कोथरूडमध्ये ती आज पुष्कळ सोसायट्यांत आहे, तर हा ठोकताळाही बाजूला ठेवावा आणि आवश्यक तेवढीच दुरुस्ती करावी, कारण त्या इमारतीबरोबर ओटाही जाणार आहे.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून, वरील तपासणीत इतर बॉक्स शाबूत निघाले तर मी असे करीन: सिंकखालचा बॉक्स पूर्ण काढावा, किंवा सांगाडा अखंड असेल तर तळाची आणि पुढची पट्टी कापून काढावी; तिथे नवा तळ पीव्हीसी बोर्डाचा किंवा ग्रॅनाइटच्या तुकड्याचा घालावा; आणि बाकी सर्वत्र नवी शटर्स, नव्या बिजागऱ्या आणि दोन-तीन ठिकाणी ड्रॉवर बसवावेत. मात्र तळ का फुगला ते आधी शोधा. सिंकच्या जाळीखालचा जोड, आरओचे सांडपाणी नेणारी बारीक नळी आणि सिंकच्या कडेचा उडालेला सिलिकॉन ही नेहमीची कारणे असतात. आपल्याकडे रोज ओटा पाण्याने धुण्याची सवय आहे. ओट्याच्या पुढच्या कडेखाली पाणी तोडणारी खाच नसेल तर ते पाणी कडेवरून आत वळून थेट शटरच्या माथ्यावर आणि सांगाड्याच्या पट्टीवर उतरते. ग्रॅनाइटच्या कारागिराकडून जागेवरच ती खाच मारून घेता येते, आणि शटर्स येण्याआधी ते काम उरकावे, कारण त्यात घरभर धूळ होते.

वेळेबद्दल सांगायचे तर शटर्स बाहेर तयार होत असल्यामुळे घरातले प्रत्यक्ष काम दोन-तीन दिवसांचे असते, पण माप देण्यापासून माल येईपर्यंत तीन-चार आठवडे धरावे लागतात. गणपतीच्या आधी पुण्यातील प्रत्येक सुताराला हेच काम हवे असते, आणि ऐन पावसाळ्यात लाकूड ओल धरून किंचित फुगलेले असताना घेतलेली मापे मार्चमध्ये फटी दाखवतात. सणापूर्वी फक्त सिंकखालची गळती बंद करून तो तळ बदलून घ्यावा, आणि शटर्सची मापे दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर द्यावीत. कंत्राटदाराला शेवटचा हप्ता देण्यापूर्वी सिंक काठोकाठ भरून एकदम सोडावे, अर्ध्या तासाने खालच्या जोडांवरून कोरडा टिश्यू पेपर फिरवावा, आणि तो कोरडा निघाला तरच पैसे द्यावेत.